अव्वलकाकांची त्रुटीपूर्तता

अव्वलकाकांनी कुठल्याही गोष्टीला ‘बरोबर आहे’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. चहा कसा झालाय विचारलं, तर कप खाली ठेवून म्हणायचे, “प्यालो.” त्यांच्या धाकट्या मुलीला स्थळ आलं तेव्हा ते स्वतः मुलाच्या गावी जाऊन आले. ऑफिसात आम्ही सगळ्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे? काका म्हणाले, “पाहिला.” पुढे त्याच मुलाशी लग्न झालं, संसार चांगला चालला, नातू बालवाडीत जायला लागला, तरी जावयाबद्दलचा त्यांचा शेरा काही बदलला नाही. सगळी नोकरी त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून खाली सही करण्यात घालवली होती. ‘बरोबर’ हा शब्द त्यांच्या मते साहेबांचा होता. “साहेबाची बदली व्हती,” ते म्हणायचे, “आपल्याला इथंच रहायचं असतं.”

ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. तहसीलमध्ये ज्यांचं कधी काम अडलंय त्यांना अव्वल कारकून म्हणजे कोण हे सांगावं लागत नाही. तहसीलदार येतात आणि जातात, अव्वल कारकून असतात. कंपनीत पहिल्या दिवशी नाव विचारल्यावर त्यांनी सवयीनं आधी हुद्दा सांगितला आणि आम्ही तेच नाव करून टाकलं. मला आज सॉफ्टवेअर टेस्टिंगमधलं जे काही येतं, ते या माणसाकडून आलेलं आहे, आणि त्यांना माउस धरायला दोन्ही हात लागत. हे मी पुण्यात कुणाला सांगत नाही.

आमची कंपनी नांदेडला एका मेडिकल दुकानाच्या वर होती. मालकांना आम्ही सर म्हणायचो. सर पुण्यात तीन वर्षं नोकरी करून मराठवाड्याचा कायापालट करायला परत आले होते. कायापालटाची सुरुवात म्हणून त्यांनी ऑफिसात एक हिरवा गालिचा आणि भिंतीवर ‘गुणवत्ता हाच आमचा धर्म’ अशी पाटी लावली होती. माणसं सात. त्यातली पाच प्रोग्रॅम लिहायची, त्यांना चाकांच्या खुर्च्या. उरलेल्या दोघांनी त्यांनी लिहिलेलं लोकांच्या हातात जाण्याआधी नीट चालतं का ते तपासायचं. त्या दोघांना प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि जागा पाण्याच्या फिल्टरशेजारी. तहान लागलेला प्रत्येक जण आमच्या डोक्यावरून हात घालून ग्लास भरायचा. ते दोघे म्हणजे काका आणि मी.

काकांना सरांनी घेतलं होतं ते सरकारी भाषा वाचता यावी म्हणून. सरांचे वडील त्यांचे जुने सहकारी. मला घेतलं होतं ते मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही म्हणून. म्हणजे येत होतं, पण मुलाखतीत घाबरून सगळं विसरले. सर दया करून म्हणाले, “टेस्टिंगला टाकू तुम्हाला.” मी बिलोली तालुक्यातली. आमच्या वस्तीतली पहिली इंजिनिअर मुलगी. वडील आरोग्य सेवक. घरोघरी जाऊन गोळ्या वाटत त्यांनी मला शिकवलं. मी काय काम करते हे त्यांनी शेजाऱ्यांना सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “म्हंजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या? त्याला इंजिनेर कशाला लागतंय? आमच्या सासूबाई फुकट काढत्यात.”  दोन दिवसांनी वडिलांनी हळूच विचारलं, “बाळ, यातून पुढं वर जाता येतं ना?” मी हो म्हणाले. मला स्वतःला माहीत नव्हतं.

सॉफ्टवेअरमधली चूक सापडली की ती लिहून प्रोग्रॅमवाल्यांना कळवायची असते. जगभर तपासणारे दोन ओळींत लिहितात. काका लिहायचे: “उपरोक्त विषयान्वये सादर की, सदर पानावरील ‘जतन करा’ हे बटन दाबले असता माहिती जतन न होता नष्ट होते. सबब बटनाच्या नावात अथवा वर्तनात बदल होणे आवश्यक आहे. त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे.” खाली सही, तारीख आणि जावक क्रमांक. हे सगळं ते आधी वहीत पेनानं लिहायचे आणि मी टाइप करायचे.

आमच्यातला मुख्य प्रोग्रॅमर बोर्डात मेरिटला आलेला होता आणि ते त्याला विसरता येत नव्हतं. म्हणून आम्ही त्याला मेरिटच म्हणायचो. काकांची टिपणी वाचून मेरिट खुर्ची गरकन वळवायचा. “काका, माझ्याकडं चालतंय हे.” काका दुसरी टिपणी लिहायचे: “संबंधितांच्या टेबलावर चालते, संबंधित गावात चालत नाही. सबब संबंधितांनी सदर गावी जाऊन वास्तव्य करावे.” मेरिट रागानं लाल व्हायचा आणि मग निमूटपणे दुरुस्ती करायचा. कारण काकांच्या टिपणीत आजवर चूक निघालेली नव्हती. ती काढायचे त्यानं बरेच प्रयत्न केले होते.

तो लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा होता. काकांचं घर लातूरला. काकू तिथंच राहायच्या, कारण नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता आणि त्या दिवशी घरी कोणी नसलं तर पाळी गेली. काका नांदेडला मोठ्या मुलीकडे राहून नोकरी करायचे आणि दर शनिवारी एसटीत दोन कॅन गोदावरीचं पाणी घेऊन लातूरला जायचे. नवा कॅन आणला की त्यांची एक पद्धत होती. कॅन काठोकाठ भरायचा, ऑफिसच्या कोपऱ्यात जुन्या पेपरवर ठेवायचा आणि दिवसभर त्याच्याकडे बघायचं नाही. संध्याकाळी कॅन उचलून पेपर हातात घ्यायचा, बोटांनी चाचपायचा. एकदा मी म्हटलं, काका, झाकणावर कंपनीचा शिक्का आहे, तपासलेला आहे म्हणून. काका म्हणाले, “शिक्का त्यांनी त्यांच्या गावात मारला. एसटी आमच्या गावची हाय.”

सॉफ्टवेअरलाही ते असंच वागवायचे. गावातून भरायचा एखादा अर्ज आला की मोबाईल घेऊन भर दुपारी गच्चीवर जायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि उन्हात डोळे बारीक करून भरायला लागायचे. मी सावलीत उभी राहून विचारायचे, हे काय करताय? “सरपंच का एशीत बसून भरनार हाय?” मग ते मुद्दाम चुकीचं भरायचे. माणसांच्या जागी जनावरांचा आकडा, आडनावाच्या जागी नाव, मोबाईल नंबरात एक अंक जास्त. “मानूस चुकूनच भरतो, पोरी. बरोबर भरनारा तालुक्याला एक असतो, आन् तो भरतच न्हाई.” इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण त्यांचा खरा नियम वेगळाच होता. पडद्यावर काम झालेलं दिसलं तरी ते ‘पाहिले’ लिहीत नसत. ज्याच्यासाठी काम केलं त्याला फोन लावायचे. दाखल्याचं सॉफ्टवेअर असेल तर ज्या पोराचा दाखला निघाला म्हणून पडद्यावर दिसतंय त्या पोराला. “हातात आला का कागद? कोनत्या रंगाचा हाय?” रंग कळला की मगच सही. त्यामुळे आमचं प्रत्येक काम दोन दिवस उशिरा जायचं. सर वैतागून म्हणायचे, “काका, स्पीड!” काका मान डोलावायचे आणि पुढचा फोन लावायचे.

त्या उन्हाळ्यात एका सरकारी खात्याकडून आम्हाला टँकरचं काम मिळालं. गावानं मोबाईलवर टँकर मागायचा, मागणी सरळ जिल्ह्याच्या साहेबांच्या पडद्यावर, त्यांनी मंजूर केलं की टँकर निघाला. कागद नाही, हेलपाटे नाहीत. सरांनी पेढे वाटले. याच सुमारास नवा जिल्हा होणार अशी हवा पुन्हा सुटली. आमच्याकडे दुष्काळ आणि नवा जिल्हा या दोन गोष्टी बहुतेक जोडीनंच येतात. विहिरी आटल्या की नकाशे निघतात. मुख्यालय कुठलं यावरून टपरीवर मारामाऱ्या होऊ लागल्या. सरांनी ठरवलं की आपण काळाच्या पुढे राहायचं. अजून घोषणा नव्हती, आदेश नव्हता, तरी त्यांनी मेरिटला सांगून सॉफ्टवेअरमध्ये नवा जिल्हा घालून घेतला आणि इस्लापूरच्या पलीकडची पाच गावं उचलून त्यात टाकली. खात्याला दाखवायचं होतं की बघा, सरकारच्या आधी आमचं सॉफ्टवेअर तयार आहे. सरकारच्या आधी तयार असणं किती धोक्याचं असतं हे त्या ऑफिसात फक्त एका माणसाला माहीत होतं.

काकांनी ते बघितलं आणि पेन खाली ठेवलं. लातूर जिल्हा झाला तेव्हा ते नवे नवे कारकून होते. “जिल्हा झाला का आधी पाटी बदलती,” त्यांनी मला सांगितलं. “मग पेढे, मग हार. कागद लई मागून येतात. आमच्याकडं एक गाव मधीच ऱ्हायलं व्हतं. जुना जिल्हा म्हने, आता तुमचं. नवा म्हने, अजून फाईल आली न्हाई. दिवाळीला त्या गावात रॉकेल न्हाई न् साखर न्हाई. मी स्वतः फाईल शोधली, तर कपाटाच्या मागं भिंतीला टेकून हुबी.” मग त्यांनी वहीत त्या पाच गावांची नावं लिहून वही माझ्यापुढे सरकवली. “ही तू बघ. मला लातूरला जायला पायजे, पान्याची पाळी आलीय, काकूला एकटीला भरनं व्हत न्हाई. पडद्यावर बघू नको. गावात फोन लाव. पानी पडलं का विचार.”

मी बघितलं. पाचही गावांच्या नावानं टँकर मागून पाहिला. पाचही वेळा पडद्यावर हिरवी खूण आली: मागणी मंजुरीसाठी पाठवली. मग एका गावाच्या सरपंचबाईंना फोन लावला. लागला नाही, तिकडे रेंज धड नसते. दुसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात सर आले. दुपारी उद्घाटन होतं, पाहुणे विश्रामगृहावरून निघाले होते, आणि तपासणीच्या अहवालावर सही हवी होती. सरांच्या एका हातात शाल होती आणि दुसऱ्या हातात एक पाकीट. पाकिटात मला कायम केल्याचं पत्र होतं. आजच देणार होतो म्हणाले, सगळ्यांसमोर. मला वडिलांचा प्रश्न आठवला. खूण तर हिरवीच होती. मी लिहिलं, ‘तपासले, बरोबर आहे,’ आणि खाली सही केली. काकांनी आयुष्यभर टाळलेला शब्द मी कामाच्या सातव्या महिन्यात लिहून मोकळी झाले. उद्घाटन छान झालं. पाहुण्यांनी बटन दाबलं, हिरवी खूण आली, टाळ्या पडल्या. मी त्या फोटोत पहिल्या रांगेत आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात सर रोज पडदा उघडून आम्हाला दाखवायचे. त्या पाच गावांपुढे हिरव्याच हिरव्या खुणा. मग एका सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सरपंचबाईच होत्या. मदतीसाठी म्हणून आमचा नंबर सॉफ्टवेअरमध्ये दिला होता आणि त्या रेंजसाठी टेकडी चढून आल्या होत्या, त्यामुळे धापा टाकत बोलत होत्या.

“बाई, आमचा टँकर तुमच्या मोबाईलात आलाय म्हनं. रोज हिरवं दिसतंय. आता तो मोबाईलातून खाली कसा उतरवायचा, तेवढं सांगा. नऊ दिस झाले.”

त्या खरंच विचारत होत्या. टोमणा नव्हता. आपल्यालाच मोबाईलमधलं काही कळत नसेल असं समजून ओशाळून विचारत होत्या.  काकांनी माझ्या हातातून फोन घेतला, दोन प्रश्न विचारले आणि मेरिटला म्हणाले, “ह्यांची मागनी कुनाच्या पडद्यावर जाते ते काढ.” मेरिटनं काढलं. ती नव्या जिल्ह्याच्या साहेबांकडे जात होती. “आन् साहेब कुठं हायेत?”  जिल्हाच नव्हता, तर साहेब कुठून येणार? पाच गावांच्या नऊ दिवसांच्या मागण्या अजून न नेमलेल्या एका अधिकाऱ्याच्या पडद्यावर ओळीनं मंजुरीची वाट बघत होत्या, आणि जुन्या जिल्ह्याच्या यादीतून ती गावं केव्हाच निघून गेली होती.

काका कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी सरपंचबाईंना म्हटलं, “कागुद घ्या. लिहा.” आणि फोनवर तीन ओळींचा अर्ज सांगितला, बाकीच्या चार गावांकडूनही तसाच लिहून घ्या म्हणाले. मग तहसीलमधल्या एका जुन्या माणसाला फोन लावून म्हणाले, “पाच अर्ज येतेत. उद्या दुपारच्या आत पानी पायजे. मी वाट बघून राहिलो.” जे काम आमचं सॉफ्टवेअर नऊ दिवसांत करू शकलं नाही, ते एका चतकोर कागदानं आणि तंबाखूच्या जुन्या दोस्तीनं दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. एकेका गावातून टँकर पोचल्याचे निरोप येत गेले. शेवटी सरपंचबाईंच्या पोरानं फोन करून टँकर आल्याचं सांगितलं. काका म्हणाले, “विहिरीपाशी फोन धर.” आम्ही सगळे भोवती उभे होतो. त्या फोनमधून पाणी पडल्याचा आवाज आला, बायकांचा गलका आला. काकांनी वही उघडली, पेन उघडलं आणि थोडा विचार करून लिहिलं, ‘ऐकले.’ पाहिलं तर नव्हतं ना.

मी फिल्टरकडे तोंड करून रडत होते. काका शेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “फोन लावला व्हता का न्हाई?” मी म्हटलं, लागला नाही. “मग तेच लिहायचं व्हतं. ‘फोन लागला न्हाई.’ त्यात काय लाज?” एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात खात्याचं पत्र आलं. पाच गावांची तपासणी कोणी केली, त्याचं नाव अहवालासह कळवा. सरांनी दार लावून काकांना आणि मला समोर बसवलं. गावं परस्पर नव्या जिल्ह्यात टाकणारे सर स्वतः होते, पण पत्रात तसं कोणी विचारलेलं नव्हतं. पत्रात फक्त तपासणाऱ्याचं नाव विचारलं होतं. आपल्याकडे घर कोसळलं की बांधणाऱ्याच्या आधी रंग देणाऱ्याला धरतात. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “अहवालावर सही तुमची आहे.”

“अहवाल नवा करा,” काका म्हणाले. “माझं नाव घाला.”

मी म्हटलं, नाही काका. ते सरांसमोरच माझ्याकडे वळले. “हे बघ पोरी. माझी पेन्शन चालू हाय. माझी चूक निघाली तर म्हनतेल, म्हातारा व्हता, दिसलं नसंल. सोडून देतेल. तुझी निघाली तर ती तुझ्या एकटीची धरनार न्हाईत. आडनाव वाचतेल. म्हनतेल, बघा, ह्यांना घेतलं का असं व्हतं. मंग तुझ्या मागून येनाऱ्या पोरींना हे दार उघडनार न्हाई. मी लई वर्सं आस्थापनेत, मानसांच्या फायली सांभाळन्यात काढले. शेरे कसे लिहितेत मला ठावं हाय.”

त्यांच्या तोंडून हे ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. ते शेतीवाडी असलेल्या घरातले, मी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तो विषय आमच्यात कधी निघालाही नव्हता. आणि ते म्हणत होते त्यात काही खोटं नव्हतं, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण खरं सांगायचं तर मी गप्प बसले ती मागून येणाऱ्या पोरींसाठी नाही. मी घाबरले होते, आणि पाकिटातलं पत्र मी वडिलांना वाचून दाखवलं होतं.

नवा अहवाल मीच टाइप केला. काकांनी तो नेहमीसारखा बोट फिरवत वाचला. एके ठिकाणी थांबून म्हणाले, “तारीख चुकली हाय. त्या दिवशी मी लातूरला व्हतो. आदल्या दिवसाची घाल.” खोट्या कागदातलीही त्रुटी त्यांनी काढलीच. मग सही केली. सगळी नोकरी ज्यांनी न बघितलेल्या कागदावर शाई टेकवली नाही, त्यांनी माझ्यासाठी टेकवली. मी त्यांच्या शेजारी उभी राहून कागद धरला होता, पंख्यानं उडू नये म्हणून.

सरांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काका मात्र आले. त्यांना कार्यमुक्तीचा आदेश हवा होता आणि रीतसर पदभार द्यायचा होता. त्यांनी यादी केली: प्लास्टिकची खुर्ची एक, पाय हलतो. स्टेपलर एक, पिना नाहीत. वह्या चार, भरलेल्या. ‘घेणार’च्या जागी माझी सही घेतली. जिन्यापर्यंत मी कॅन उचलून आणला. तिथं म्हणाले, “त्रुटी पूर्तता केव्हाबी करता येते. फाईल जळाली तरी. अर्ज करायचा न् आपली चूक आपन लिहायची. मुदत नसती त्याला.” तेव्हा मला वाटलं, ते सवयीनं बोलताहेत.

यानंतर माझी कारकीर्द झाली. तिला दुसरा शब्द नाही. खात्याच्या नोंदीत ‘म्हातारा तपासनीस काढून टाकला’ एवढ्यावर प्रकरण मिटलं, माझ्या नावावर एक यशस्वी प्रकल्प लागला आणि त्याच्या जोरावर मला पुण्यात नोकरी मिळाली. तिथं चाकांची खुर्ची होती. पुढे बढत्या झाल्या, माझ्या हाताखाली माणसं आली. मुलाखतींमध्ये एक प्रश्न हमखास विचारतात: तुमच्या कामातलं मोठं अपयश सांगा. मी प्रत्येक वेळी टँकरची गोष्ट सांगायचे. ‘आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते, त्यांच्याकडून फोन करायचा राहिला.’ ऐकणारे माना डोलवायचे. काय शिकलात, विचारायचे. मी म्हणायचे, पडद्यावर विश्वास ठेवू नये. दर वेळी नोकरी मिळाली. वडिलांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं; यातून वर जाता येतं.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवून लातूरला गेले. काका ओसरीत नळापाशी बसले होते, बादल्या ओळीनं लावलेल्या. काकू आत पडून होत्या. मला बघून म्हणाले, “आलीस? बरं झालं, धरायला मानूस पायजेच व्हता.” मी बसले. म्हटलं, काका, तो अहवाल... त्यांनी हात वर केला. नळ खाकरला होता. “आधी पानी भरून घिऊ.” आम्ही दोघांनी घरातली सगळी भांडी भरली, शेवटी वाट्या आणि तांबेसुद्धा. मग ते दमले आणि बसल्या जागी त्यांना डुलकी लागली. मी थोडा वेळ थांबले. माझी बस होती. निघताना ते जागे झाले आणि म्हणाले, “ती पाच गावं कोन्या जिल्ह्यात हायेत आता?” मी म्हटलं, जुन्याच, नवा जिल्हा झालाच नाही. “फोन करत जा मधनं मधनं,” काका म्हणाले. तुम्हाला? असं मी विचारणार होते. पण ते गावांबद्दल म्हणत होते हे मला कळलं.

या उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या जावयाचा फोन आला, तो ‘पाहिला’ म्हटलेला जावई. काका गेले. शेवटपर्यंत शुद्धीत होते म्हणाला. डॉक्टरांनी तब्येत सुधारतेय म्हटल्यावर म्हणाले होते, “त्यांनी पाहिलं का फकस्त रिपोर्ट वाचला?” मी फोन ठेवला आणि ऑफिसातल्या काचेच्या खोलीत बसून पोटभर रडले. मग काकांच्या पद्धतीनं कागद घेतला.

विषय: त्रुटी पूर्तता. उपरोक्त विषयान्वये सादर की, इस्लापूरच्या पलीकडील पाच गावांची तपासणी अव्वलकाकांनी केली, असा अहवाल दाखल आहे. तो खोटा आहे. त्या दिवशी ते लातूरला पाण्याच्या पाळीला गेले होते. तपासणी माझ्याकडे होती. फोन लागला नाही, मी परत लावला नाही, आणि ‘बरोबर आहे’ असं लिहून सही केली. मी पाहिलं नव्हतं. गावांत नऊ दिवस पाणी नव्हतं. सबब अहवालातून त्यांचं नाव कमी करून तपासणाऱ्याच्या रकान्यात पुढील नाव आडनावासह वाचावं.

संघमित्रा सोनकांबळे.